घर बंद

टेरेसिना शहरात अडाइल्टन घरोघर फिरून कुत्र्यांचं रक्त तपासायचा. सरकारी नोकरी. कुत्र्यात काळा आजार निघाला, की माशी चावून तो माणसात येतो, म्हणून असं कुत्रं न्यायचं आणि इंजेक्शन देऊन संपवायचं. दाराला कुलूप असलं, तर वहीत 'घर बंद' लिहून पुढे जायचं.

शेजारच्या झुल्मिरामावशीचा कुत्रा, पिटोको, त्यानंच नेला. दोर मावशीनं स्वतःच सोडून त्याच्या हातात दिला.

"तुझ्या घरच्या कुत्र्याचं, फारोफाचं, रक्त घेतलंस का रे?"

"सगळ्यात आधी घेतलं, मावशी. ठणठणीत आहे."

"मग ने बाबा. उद्या तुझ्या रायलानीला काही झालं, तर ते पाप मला नको."

दोन महिन्यांनी रायलानीच तापानं फणफणली. त्याची सात वर्षांची पोर, पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या. डॉक्टर म्हणाले, काळा आजार, आणि आणायला उशीर झालाय.

अडाइल्टन दवाखान्याच्या जिन्यात डोकं धरून बसला होता. झुल्मिरामावशी कोंबडीची पेज घेऊन आली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग एकदम भडकली.

"कुठल्या मेल्यानं गल्लीत कुत्रं लपवलंय रे? काढ ती वही. बघू कुणाचं घर राहिलंय!"



अख्ख्या गल्लीत एकाच घरापुढे तीन वेळा 'घर बंद' लिहिलं होतं, आणि त्या घराची किल्ली त्याच्याच खिशात होती.