हद्दीबाहेरचं पुस्तक

जहाजानं भारताची सागरी हद्द ओलांडली आणि डॉक्टर शर्वरी निमकरच्या डोक्यातलं शस्त्रक्रियेचं पुस्तक बंद झालं. आता पुस्तकं थेट मेंदूत उतरवून घेत. पण या पुस्तकाचे हक्क फक्त भारतापुरते विकले गेले होते. बाहेरच्या देशांसाठी प्रकाशकच मिळाला नव्हता.

समोर हरेश तांडेल हा खलाशी पोट धरून कण्हत होता. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं.

"डॉक्टरबाई, वाचेन ना मी?"

शर्वरीला पहिला छेद कुठे घ्यायचा तेही आठवेना. तिनं कॅप्टनला फोन लावला. "जहाज मागे फिरवा. आत्ता!"

"फिरवतो. पण एकच इंजिन चालू आहे, प्रवाह उलटा आहे. हद्दीत फार वेळ टिकणार नाही."

वीस मिनिटांनी सगळं लख्ख आठवलं. तिनं भूल देऊन अपेंडिक्स काढलं. जखम शिवायला घेतली आणि जहाज पुन्हा बाहेर सरकलं. डोकं रिकामं झालं. तरी बोटं टाके घालत राहिली.

हरेश वाचला. पुढच्या परदेशी बंदरातल्या डॉक्टरांनी टाके निरखून विचारलं, "सुरेख! कुठल्या पुस्तकातून शिकलात?"

शर्वरीला नावसुद्धा सांगता येईना.