निळी खुर्ची

"याचं पोट आणखी वाढवा, मास्तर," सेनाइदा म्हणाली. "दोन वर्षांत अख्खा किनारा गिळलाय मेल्याने. एवढ्याशा पोटात मावेल का?"

वस्तीचे पुतळे करणाऱ्या निकानोरने लाकडाच्या भुशाची आणखी एक टोपली पुतळ्यात कोंबली. पुतळा महापौर फाउस्तो विलाक्रेसेसचा होता. वर्षभरात ज्याने सगळ्यात जास्त छळलं त्याचा पुतळा करायचा, त्याच्या नावाने मृत्युपत्र वाचून त्याची अब्रू काढायची आणि एकतीस डिसेंबरला त्याला जाळून मोकळं व्हायचं, ही या किनाऱ्याची रीत. एरवी पुतळा कोणाचा करायचा यावरून वस्तीत भांडणं व्हायची. यंदा कोणाच्याही तोंडी दुसरं नाव आलं नाही.

विलाक्रेसेसने कोळ्यांचा बाजार उठवून तिथे काचेची हॉटेलं उभी केली होती. हमरस्त्यावरची खरी नारळाची झाडं तोडून प्लास्टिकची लावली होती आणि त्यांच्यावर दिवेही सोडले होते. डोंगरावरच्या नव्या इमारतींना चोवीस तास पाणी होतं. ज्यांच्या आजोबांनी हे गाव वसवलं, ते बादल्या घेऊन टँकरमागे धावत होते. गाव वाढतंय म्हणे! कोणाचं वाढतंय?

आता त्याची नजर वस्तीच्या मैदानावर होती. मैदान बेवारस सापडलं की कुंपण घालून ताब्यात घ्यायचं, असा ठरावच पालिकेने केला होता. म्हणून ईस्टरपासून फाटकात एक निळी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली असायची आणि तिच्यात पाळीपाळीने कोणी ना कोणी बसलेलं असायचं. खुर्ची रिकामी ठेवायची नाही, एवढा एकच नियम. लोक तापाने फणफणलेले असले तरी येऊन बसत. सेनाइदाने तर मुलीच्या लग्नाचा केक तिथे बसूनच खाल्ला होता. निकानोरच्या बायकोची अंत्ययात्रा याच मैदानातून निघाली होती. हे मैदान गेलं तर आपल्यासाठी या गावात काही उरणार नाही, असं तो उघड बोलून दाखवायचा.

वॉशिंग्टनचा टेम्पो आला. पुतळ्याचं सामान नेहमी तोच आणायचा. यंदा रंगाचे डबे, कापडाचे तागे, बांबू असं भरभरून सामान होतं.

"एवढं कोणी दिलं रे?" निकानोरने विचारलं.

"हार्डवेअरच्या दुकानात कोणीतरी आपल्या नावाने ठेवून गेलंय. स्वतःचं नाव सांगू नका म्हणाला."

"कशाला सांगेल? पालिकेतलाच असणार, नोकरी जायची बिचाऱ्याची," सेनाइदा म्हणाली.

सामानाच्या तळाशी चार खिशांचा पांढरा सदरा निघाला. निकानोरने तो उलगडला आणि त्याचे डोळेच चमकले. उद्घाटनाला विलाक्रेसेस हाच सदरा घालून फिती कापत हिंडायचा.

"धोबिणीने लांबवला असणार," निकानोर म्हणाला. "देव तिचं भलं करो."

वरच्या खिशाचं बटण तुटलं होतं. पुतळा झाला तरी काम नीट हवं, म्हणून त्याने आपल्या डब्यातलं बटण काढून लावलं.

एकच गोष्ट त्याला खुपत होती. दरवर्षी पुतळे आपापल्या गल्लीत जळायचे. यंदा पालिकेने आधी दुपारी समुद्रकाठच्या रस्त्यावर स्पर्धा ठेवली होती. झाडून सगळ्या वस्तीने यायचं, गर्दीला वेगळे गुण.

"आता आमच्या रागालाही पालिका गुण देणार!" निकानोर भडकला. "जायचं नाही."

"जायचं," सेनाइदा म्हणाली. "टीव्हीवाले येणार आहेत. त्याच्याच मांडवात त्याची लाज काढू."

ते सगळ्यांना पटलं, निकानोरलाही.

एकतीस तारखेला पुतळा उभाच राहीना, पोट फार जड झालं होतं. वॉशिंग्टनने घाईघाईने टेम्पोत खुर्ची बांधली, तिच्यावर लाल कापड टाकलं आणि महापौराला तिच्यात बसवलं. ढोल वाजू लागले. टेम्पोमागे सगळी वस्ती निघाली, म्हातारी माणसंसुद्धा.

सेनाइदाने मृत्युपत्र वाचलं तेव्हा रस्ता दणाणून गेला. "मी, फाउस्तो, माझे खड्डे टॅक्सीवाल्यांना ठेवून जातो. माझ्या कोरड्या नळांवर माझ्या आवडत्या मतदारांनी आपली तोंडं धुवावीत. माझी अक्कल कोणालाच ठेवत नाही, कारण ती शोधून सापडली नाही." लोक हसता हसता शिव्या देत होते. इतक्या महिन्यांचा संताप बाहेर पडत होता. निकानोरचा घसा बसला, तरी तो ओरडतच राहिला.

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. ते द्यायला खुद्द विलाक्रेसेस मंचावर उभा होता. निकानोर तावातावाने वर चढला. हात मिळवायचा नाही, असं त्याने ठरवलंच होतं. पण विलाक्रेसेसने स्वतःच पुढे होऊन त्याचा हात धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला.

"छान झालाय, मास्तर. गर्दीही झाडून आणलीत," तो हळूच म्हणाला. "आणि वरच्या खिशाचं बटण लावलंत, बरं केलंत. पाठवताना तेवढं राहून गेलं होतं."

निकानोर मंचावरून खाली आला तो गर्दीत घुसतच. "सेनाइदा! मैदानावर कोण आहे?"

सेनाइदाच्या हातात अजून मृत्युपत्र होतं. "पाळी माझी होती. पण हे कोण वाचणार होतं? एकतीस तारखेला पालिकेचं कुत्रं तरी कामावर येतं का, मास्तर?"

निकानोरने टेम्पोकडे पाहिलं. समुद्रावरच्या वाऱ्याने खुर्चीवरचं लाल कापड बाजूला सारलं होतं. मैदानाच्या फाटकातून उचलून आणलेल्या निळ्या खुर्चीत महापौर ऐसपैस बसला होता.