मुरुमाखालचं पाणी

"पाण्यात पाय टाकायच्या आधी हात लावावा, बाय. आधी कपाळाला पाणी, मग पायाला." सोनिवलीच्या वहाळाकाठी सासू म्हणाली होती, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. नवी नवरी सगुणाबाई तेव्हा नुसती हसली. आवाज मात्र तिच्या अंगात मुरला.

आता वहाळ दिसत नव्हता. चार वर्षांमागे त्यात दगडमाती लोटली, वर मुरूम दाबला, रोलर फिरवला. सपाट लाल जमिनीवर चुन्याच्या रेघा होत्या, आणि कडेला धर्मेशचा नवा बंगला.

"फुल क्लिअर जागा आहे, साहेब," सगुणाबाईचा हा मुलगा मिलिंदला सांगत होता. "इथं वहाळ कधी नव्हताच. आईनं पण सकाळी तेच सांगितलं ना?"

सांगितलं होतं. नुसती मान हलवून.

मिलिंद पाण्याच्या वाटा नकाशावर उतरवायला आला होता. गेल्या जुलैत खालच्या चाळीत माणूसभर पाणी शिरलं. बाया पोरं घेऊन पत्र्यांवर बसल्या. ते पाणी कुठून आलं, ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

"वरची वाट सापडली तर पाणी वळवता येईल, धर्मेशभाऊ. नाहीतर यंदा ती चाळ उरत नाही."

"सापडायला असायला तर पायजे! सोमवारी बिल्डर टोकन घेऊन येतोय. तुम्ही उगाच निळी रेघ मारू नका." मग बंगल्याकडे तोंड करून तो ओरडला, "आये, साहेबांना पाणी आण गं!"

सगुणाबाई तांब्या घेऊन निघाली. उन्हं चढली होती, मुरूम तापला होता. निम्म्या वाटेवर ती थांबली. वाकली. कोरड्या जमिनीला बोटं लावून तिनं कपाळाला लावली. लुगडं गुडघ्याशी उचललं आणि पाय चाचपडत टाकू लागली. एक. दोन. तिसऱ्या पावलाला अंग तोललं, मग पलीकडे आली आणि लुगडं सोडलं.

मिलिंदनं तांब्या हातात घेतला, पण प्यायला नाही.

"मावशी, तिसऱ्या पावलाला थांबलात का?"

"शेवाळ हाय तिथल्या दगडाव," ती बोलून गेली. आणि तिनं ओठ मिटले.

"म्हातारपण, साहेब," धर्मेश घाईनं हसला. "चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर चष्मा हुडकते ही."

कुंपणाच्या खड्ड्यापाशी पहार पडली होती. मिलिंदनं ती उचलली आणि तिसऱ्या पावलाच्या जागी मारली. मुरूम खणखणला. त्यानं पुन्हा मारली, पुन्हा. कमरेइतकी आत गेल्यावर पहार एकाएकी हलकी झाली, जणू खालून कुणी हातात घेतली. वर ओढली तेव्हा टोक ओलं होतं.

तो गुडघ्यांवर बसला. भोकाला कान लावला. बराच वेळ उठला नाही. मग बाजूला सरकला.

सगुणाबाई जमिनीला गाल टेकून आडवी झाली. खाली पाणी चाललं होतं. दगडाच्या फटीफटीतून, अंधारातून, ना सूर्य बघितलेला ना चांदणं, तरी चाललं होतं. चार वर्षं तिला वाटत होतं, मेलं ते. आणि ते तिच्या पायाखालून रोज नदीला जात होतं, एक दिवस खाडा न करता. तिच्या डोळ्यांतलं पाणी मुरुमात उतरलं.

धर्मेशही वाकला. त्यानं कान लावला, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"आये," तो हळूच म्हणाला, "हा तर जिता हाय."

मग त्याला सोमवार आठवला असावा. तो ताडकन उठला. "पण साहेब, बारकी धार आहे. पाइप टाकला की काम झालं. हो ना, आये?"

सगुणाबाईनं गालाची माती पुसली नाही. ती मिलिंदच्या नकाशाकडे बघत होती.

"लिवा, सायेब. माघात ही एवढी धार. आषाढात वहाळ तीस हात पसरतो. सगळा लिवा." तिनं मागे हात केला. "आमचा बंगला धरून."