गाठी सोडा

“मास्तर, कुलूप काढा,” दाराच्या फटीतून सुईण साळूबाई म्हणाली.

जगन्नाथ मास्तर ओट्यावर बसले होते. मांडीवर पुस्तक होतं आणि सकाळपासून ते एकाच पानावर होतं. पाठीमागं त्यांच्याच घराला बाहेरून कुलूप. टेंभुर्णीच्या बाजारातलं, मुठीएवढं. घर रिकामं आहे असं गावाला वाटावं, म्हणून लावलेलं. आत समोरच्या पिंजाऱ्याची बायको मैमुनबी बाळंत होत होती, आणि होत नव्हती.

निजामाचं राज्य गेलं होतं. भारताची फौज पुढं निघून गेली आणि गाव गावाच्या हातात उरलं. रझाकारांनी केलेल्या जुलमाचा सूड आता पिंजारी, मणियार, जो मुसलमान सापडेल त्याच्यावर निघत होता. मैमुनबीचा नवरा ज्वारीत पळाला, त्याचा पत्ता नव्हता.

“कुलूप कशाला? मागच्या दारानं आल्या ना तुम्ही?”

“बाई अडलीय. आतलं समदं मोकळं केलं. पेटी उघडली, तिची येणी सोडली, दंडाचा ताईत सोडला. घरालाच कुलूप असल्यावर पोर कसं सुटंल?”

“मी असलं मानत नाही, साळूबाई.”

“बाळंतपण तुमचं न्हाई चाललं. ती मानती. कुलूप निघायची वाट पाहून राह्यली.”

पाराकडून गलका ऐकू आला. त्यात रामरावचा आवाज वर होता. रझाकारांनी त्याचं खळं जाळलं होतं, थोरल्या भावाला गोळी घातली होती. त्याच्यासमोर उभं राहून त्याला चूक म्हणणं सोपं नव्हतं.

“लोक येऊन राह्यले,” मास्तर म्हणाले. “दार उघडं दिसलं तर तिला मारतील.”

“बंद ऱ्हायलं तरी मरंल ती.” साळूबाईनं फटीला डोळा लावला. “तुम्ही देव मानत न्हाई. मंग हिला घरात का आणली?”

“देव असता तर त्याच्यावर सोडून दिलं असतं.”

मास्तरांनी कमरेची किल्ली काढली. ती कुलपात फिरवली. कुलूप निघाल्याचा आवाज झाला आणि आत मैमुनबीनं मोठा श्वास सोडला. साळूबाईनं दोन्ही दारं सताड लोटली, माजघराच्या दाराला लुगडं आडवं बांधायला घेतलं, मग गाठ नको म्हणून ते नुसतंच खुंट्यांवर टाकलं.

“तुमच्या धोतराची तेवढी ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली आणि आत गेली. एरवी मास्तर हसले असते. पण माणसं गल्लीत शिरली होती.

रामराव सगळ्यांच्या पुढं होता. हातात कुऱ्हाड. खांद्यावर मणियाराच्या घरातली चादर, लुटीनं गच्च भरून गाठ मारलेली.

“मास्तर, काल कुलूप होतं. आज दार सताड उघडं. आत कोण हाय?”

मास्तरांनी खोटं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून “या अल्ला” अशी किंकाळी आली आणि खोटं तोंडातच राहिलं. रामरावनं कुऱ्हाडीचा दांडा हातात नीट धरला.

साळूबाई उंबऱ्यात आली. तिचे हात कोपरापर्यंत तेलानं माखले होते. कुऱ्हाडीकडं तिनं पाहिलंच नाही. ती खांद्यावरच्या गाठोड्याकडं पाहत होती.

“गाठ घिऊन अडल्या बाईच्या दारात उभं राह्यले व्हय, रामराव? तुमच्या उषाबाईच्या वक्ताला तुम्ही बैलांची दावी सोडल्ती. बैल सारं गाव हिंडले.”

मागं कुणाला तरी हसू येत होतं, ते त्यानं गिळलं. ते बैल सगळ्यांना आठवत होते.

“ही त्यांची हाय,” रामराव म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

“अडलीय,” साळूबाई म्हणाली आणि आत गेली.

रामराव तसाच उभा राहिला. मास्तरही दारातून हलले नाहीत. आत पुन्हा कळ आली. या वेळी नुसतंच कण्हणं, ताकद संपत आल्यासारखं. तसं कण्हणं रामरावनं बायकोच्या वेळी ओसरीवर बसून ऐकलं होतं.

त्यानं गाठोडं खाली टाकलं. एका हातानं गाठ सुटेना. मग त्यानं कुऱ्हाड ओट्याला टेकवली आणि दोन्ही हात लावले. गाठ करकचून बसली होती. तो खाली बसला आणि तिला दात लावले. मागच्या माणसांनी आपापली गाठोडी खाली ठेवली.

“जोर कर माय,” आतून साळूबाई म्हणत होती. “मोकळं होऊन राह्यलं समदं. जोर कर.”

मास्तर ओट्यावरून उतरले, रामरावसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं.