‘शून्य चौकी’चा पुढचा भाग

“चोर कधी सही करत नाही. म्हणून यावर लेखकाचं नाव नाही,” यशवंतराव म्हणाले आणि त्यांनी कॉमिक टीपॉयवर आपटलं. कपबशा वाजल्या.

देवासच्या टेकडीखालच्या त्या घरात ते आणि त्यांची बायको सुमंगला सकाळीच धारहून येऊन पोहोचले होते. समोर त्या घरची मुलगी अक्षदा उभी होती, पंचविशीची, बोटांवर काळी शाई. कॉमिकमधली चित्रं तिची. तिच्याजवळ तिचा भाऊ शंतनू मान खाली घालून उभा होता.

“चित्रं मी काढते, सर,” अक्षदा म्हणाली. “त्यावर माझं नाव आहे.”

“चित्रांचं कोण विचारतंय? गोष्ट कुणाची आहे?”

गोष्ट कुणाची, हे धारमध्ये शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. नव्वदच्या दशकात टीव्हीवर ‘शून्य चौकी’ लागायची. अंतराळातल्या एका चौकीवर राहणाऱ्या माणसांची हिंदी मालिका. लेखक म्हणून यशवंतरावांचं नाव यायचं तेव्हा गल्लीत टाळ्या पडायच्या. मग एका भागात चौकीची इंजिनीयर वसुधा हवा संपत आलेल्या खोलीत कोंडली गेली आणि पुढचा भाग आलाच नाही. चॅनलनं मालिका बंद केली, असं यशवंतरावांनी सगळ्यांना सांगितलं. चॅनलवाले गाढव आहेत, हेही सांगितलं. इतकी वर्षं ते हेच सांगत आले होते. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. अपमान झालेला माणूस लिहीत नसतो, म्हणायचे.

आणि आता धामनोदच्या एका ढाब्यावर, शेजारच्या टेबलावर त्यांना हे मराठी कॉमिक दिसलं होतं. पहिल्याच पानावर वसुधा. जिवंत.

“मी लिहितो,” शंतनू एकदम म्हणाला. “गलती माझी आहे, काकासाहेब. दीदीला काही बोलू नका.”

“तू?” यशवंतरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मराठी धड येतं का तुला?”

“बोलता येतं. वाचायला जरा जड जातं.”

“आणि निघाला माझी मालिका पुरी करायला. वसुधा स्वतःच दरवाजा उघडते? चौकीचं यान घेऊन निघून जाते? कमांडर उदयला मागे टाकून? अरे, उदय हीरो आहे. ती त्याच्या हाताखाली काम करते. तो तिला वाचवणार होता.”

शंतनूनं एकदा सुमंगलाकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. सुमंगला चहा पीत होती.

अक्षदाच्या आईनं, शशिकलाबाईंनी, पोह्यांच्या बशा आणल्या. राग जरा उतरावा म्हणून त्या सुमंगलाला म्हणाल्या, “तुम्हाला तर सगळी मालिका तोंडपाठ असेल, ताई.”

“हिला?” यशवंतराव पहिल्यांदाच हसले. “अहो, भोपाळला मला पुरस्कार मिळाला ना, तेव्हा मी भाषणात सांगितलं होतं, आमच्या कुटुंबाला रॉकेट आणि गॅसची टाकी यातला फरक कळत नाही. सगळा हॉल हसला होता. माझं अक्षर वाईट म्हणून ती फक्त उतरवून द्यायची.”

शशिकलाबाई कसनुशा हसल्या. सुमंगला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती. ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

अक्षदाचा चेहरा मात्र लाल झाला होता. “सर, एक विचारू? उदय तिला कसा वाचवणार होता? दरवाजा आतून बंद होता. बाहेरून तोडून उघडला असता तर चौकीवरची सगळी हवा निघून गेली असती. तुम्हीच दाखवलं होतं तसं.”

“तो काहीतरी मार्ग काढणारच होता.”

“कोणता?”

“पोरी, मला परीक्षेला बसवतेस?” यशवंतराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला. “मी वकिलाला भेटून आलोय. यापुढे एक पान जरी निघालं तर दोघांना कोर्टात उभं करीन. शंतनू, हात जोड आणि सांग, चूक झाली म्हणून.”

शंतनूनं हात जोडले.

“खाली कर हात,” सुमंगला म्हणाली.

तिनं कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, पण शंतनूचे हात आपोआप खाली आले.

“माझ्यासाठी खोटं बोललास तेवढं पुरे. अहो, कॉमिक मी लिहितेय. पहिल्या पानापासून. वसुधाला दरवाजा मी उघडून दिला आणि उदयला मागे मी ठेवलं.”

यशवंतराव मटकन सोफ्यावर बसले.

“माझ्या घरात राहून? माझी मालिका? इतकी वर्षं त्या चॅनलवाल्यांनी मला छळलं, आणि आता तू?”

“मावशी,” अक्षदानं घाबरत विचारलं, “चॅनलनं तेव्हा मालिका का बंद केली, ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलंच नाही.”

सुमंगलानं नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

“बंद कुठे केली, बेटा? त्यांचे लोक तीनदा धारला येऊन यांच्याकडे पुढचे भाग मागून गेले. भोपाळहून परत आल्यावर मीच लिहायचं सोडलं होतं.”