खाजगी रस्ता ताब्यात घेण्याबाबत

कॉलनीचा खाजगी रस्ता अखेर नगरपरिषदेने ताब्यात घेतला. पण हे झालंच नाही असं धरून चला, कारण वाळिंबेकाका तसंच धरून चाललेत. डांबर पडून आठवडा झाला, तरी ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडूनच बाहेर पडतात.

नियम साधा होता. रस्ता सगळीकडे सहा मीटर भरला, तरच नगरपरिषद तो घेणार आणि डांबर टाकणार. एकाच ठिकाणी तो फूटभर कमी भरायचा. तिथे काकांचा आणि समोरच्या ढग्यांचा ओटा अर्धा अर्धा फूट रस्त्यात आला होता.

"आधी ढग्यांनी तोडावा," काका म्हणायचे.

"आधी वाळिंब्यांनी," ढगे म्हणायचे.

"अहो, एक-दोन-तीन म्हणा आणि दोघं एकदम तोडा," काकू म्हणायच्या. यात सहा वर्षं गेली.

१९ ऑगस्टच्या दुपारी काकूंच्या छातीत दुखू लागलं. अँब्युलन्स कोपऱ्यावरच थांबली. "चिखलात रुतेल, काका," ड्रायव्हर म्हणाला. काकांनी आणि ढग्यांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. अर्ध्या वाटेतच त्यांची मान कलंडली.

तेराव्यानंतर दोघांनी आपापला ओटा फोडला, एकाच सकाळी, एकमेकांकडे न बघता. इंजिनिअरने टेप लावली. "भरला की, काका. दोन सेंटिमीटर जास्तच."

काल काकांनी नगरपरिषदेत अर्ज दिला. खाली ढग्यांचीही सही आहे. "सदर रस्ता १९ ऑगस्टच्या सकाळपासून, पूर्वलक्षी प्रभावाने, डांबरासह सार्वजनिक समजण्यात यावा, ही नम्र विनंती."