गोल्डचं कोल्ड

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं. आजचं आख्यान पुराणातलं नाही, वर्तमानपत्राच्या कचेरीतलं आहे. पण ऐकता ऐकता कुणाला देवाचं नाव घ्यावंसं वाटलं, तर मी अडवणार नाही.

दुबईतल्या एका इंग्रजी पेपरात सूर्यकांत फणसळकर प्रूफं तपासत होते. 'पोर्ट'चं 'पोएट' झालं होतं. म्हणजे बंदराऐवजी कवीचंच उद्घाटन! त्यांनी लाल गोल काढला आणि समोरच्या टेबलाकडे पाहिलं. उपसंपादक कारेल मान खाली घालून बसला होता.

कारेल चेक, प्रागचा. तिथलं कम्युनिस्ट राज्य कोसळलं तेव्हा तो सरकारी पेपरात होता. तो इथे आला आणि या चुका सुरू झाल्या. त्याच सुमारास मॅनेजर विजयकुमार म्हणाले होते, "स्पेलिंग आता कॉम्प्युटरच बघतो. प्रूफरीडर ठेवायचा का, ते महिनाअखेरीला ठरवू." नोकरी गेली की व्हिसा खलास, आणि मुलगी मुग्धा दहावीत. एक चूक जरी नजरेतून सुटली, तरी आयतं निमित्त.

"सूर्यकांतराव, मी देतो ते पान साफ असतं हां," कॉम्प्युटरवर बसणारे रत्नागिरीचे मुश्ताकभाई कानाशी लागले. "माझ्यानंतर हा बसतो त्याच्यावर. सांभाळा, चेक आहे. वटेलच असं नाही!"

चहाच्या वेळी सूर्यकांतांनी सहज म्हणून विषय काढला. "प्रागमध्ये तेव्हा काय काय झालं हो?"

"चौकात लाखो माणसं जमली होती," कारेल म्हणाला. "आम्ही लिहिलं, मूठभर टवाळखोर. आमच्या प्रूफरीडर बाईंनी 'मूठभर'भोवती गोल काढला आणि पान अडवून धरलं."

"मग?"

"संध्याकाळी त्यांना काढून टाकलं. पुढे सरकार पडलं आणि आम्ही सगळे एकदम शूर झालो."

"बाईंचं नाव वर कुणी कळवलं?"

कारेल साखर ढवळत राहिला. "चहा गार होतोय, मिस्टर सूर्या."

अल नहदाच्या घरी पोचताच सूर्यकांत बायकोला, शोभनाताईंना म्हणाले, "एका प्रूफरीडरला खाऊन आलाय हा. आता माझा नंबर."

"अहो, मग गप्प काय बसलात? मॅनेजरना सांगा की! पण आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उगाच कुणावर आळ नको."

दुसऱ्या दिवशी सूर्यकांत कपाटाआड उभे राहिले. मुश्ताकभाई उठले, कारेल त्यांच्या खुर्चीत बसला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि 'गोल्ड सूक'चं 'कोल्ड सूक' करून टाकलं. सोन्याचा बाजार एका अक्षरात गारठला. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. दोन्ही शब्द त्याला सारखेच खरे.

"यल्ला, मुश्ताकभाई! चला साक्षीला." मनातल्या मनात विठ्ठलाचं नाव घेत सूर्यकांत थेट केबिनमध्ये शिरले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. मुश्ताकभाईंनी मान डोलावली.

विजयकुमारांनी कारेलला बोलावून घेतलं. "हे खरं आहे?"

कारेलने सूर्यकांतांकडे पाहिलं. रागाने नाही. पोरगं जिन्यावरून पडताना दिसावं आणि हात पोचू नये, तसं. "खरं आहे, सर."

"बघा!" सूर्यकांत म्हणाले.

विजयकुमार मात्र सूर्यकांतांकडेच बघत होते. "मिस्टर फणसळकर, हा माणूस दर आठवड्याला तुमची प्रूफं माझ्यापुढे ठेवायचा. म्हणायचा, कॉम्प्युटरने सोडलेलं यांनी पकडलं, यांना घालवू नका. त्याच्या शब्दावर तुम्हाला ठेवायचं मी आज सकाळीच नक्की केलं होतं." त्यांनी टेबलावरची प्रूफं बाजूला सारली. "म्हणजे मुळात पानांत चुका नव्हत्याच?"

मंडळी, उद्या पेपरात एखादी चूक दिसली, तर हसण्याआधी माझ्या कारेलची आठवण काढा.